शेवटची एसटी सुटण्याआधी रिपोर्ट: ग्रामीण रुग्णालयातली इमेजिंग सेवा कशी वाढवावी

सुरगाण्याहून नाशिक रस्त्याने नव्वदेक किलोमीटर आहे. ओपीडीतल्या बाईला "सोनोग्राफी नाशिकला जाऊन करून आणा" असं सांगायला आपल्याला दहा सेकंद लागतात. तिचा त्यात दिवसाचा रोज बुडतो, सोबत येणाऱ्या नवऱ्याचाही बुडतो. दोघांचं भाडं लागतं, आणि शहरात कुठे उतरायचं, कोणत्या दारात उभं राहायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. पुष्कळदा ती जातच नाही. पुढच्या महिन्यात कागद तसाच घडी घातलेला परत येतो.

नाशिक जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांमध्ये एक्स-रेच्या खोलीत मी बरीच वर्षं काढली. नवीन यंत्रं बसवताना पाहिली, काही स्वतः बसवून घेतली. त्या अनुभवावरून मी एकच कसोटी धरून चालतो: सकाळी आलेला पेशंट रिपोर्ट हातात घेऊन, डॉक्टरांना दाखवून, शेवटच्या एसटीने घरी गेला पाहिजे. यंत्र कितीही भारी असो, हे होत नसेल तर सेवा वाढलेली नाही. खालचे सगळे टप्पे या कसोटीवर लावून वाचा.

तीन महिने एक वही ठेवा

प्रस्ताव लिहायला बसण्याआधी शंभर पानी वही घ्या आणि बाहेर पाठवलेल्या प्रत्येक पेशंटची नोंद करा. तारीख, गाव, कोणती तपासणी, का पाठवलं (यंत्र नाही, माणूस नाही, वीज नव्हती, फिल्म संपली), दिवसा की रात्री, आणि तो पेशंट रिपोर्ट घेऊन परत आला का. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. आशाताईंना विचारलंत तर तो भरता येतो.

तीन महिन्यांत एक तरी महिना पावसाळ्याचा आणि एक द्राक्षाच्या हंगामातला असावा. पेठ-सुरगाण्याची माणसं हंगामात निफाड-दिंडोरीच्या बागांवर जातात, तेव्हा इकडची ओपीडी ओसरते आणि तिकडची भरते. चैत्रात सप्तशृंग गडाची यात्रा असते, तेव्हा कळवण-वणीकडचं चित्र वेगळं. एका महिन्याच्या आकड्यावर यंत्राची क्षमता ठरवली की ती चुकतेच.

वही भरली की एक गोष्ट जवळपास हमखास दिसते. निम्म्याहून जास्त रेफर यंत्र नसल्यामुळे झालेले नसतात. यंत्र असतं, पण तंत्रज्ञ रजेवर असतो, सोनोलॉजिस्टचा वार नसतो किंवा छातीचा एक्स-रे वाचायला कुणी नसतं. असं असेल तर पहिला खर्च यंत्रावर करू नका.

क्रम: आधी एक्स-रे, मग रिपोर्टिंग, मग सोनोग्राफी, सर्वांत शेवटी सीटी

हा क्रम उलटा करण्याचा मोह फार होतो, कारण सीटीचं उद्घाटन होतं आणि एक्स-रेच्या पॅनलचं होत नाही. पण खेड्यातल्या रुग्णालयाचं रोजचं काम हाडं आणि छाती यांचंच असतं. झाडावरून पडलेला, मोटारसायकलवरून घसरलेला, महिनाभर खोकणारा, हे पेशंट रोज येतात. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षं आणि त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत छातीचे एक्स-रे संगणकाकडून वाचून घ्यायला मान्यता दिली. त्यामुळे चांगला डिजिटल एक्स-रे ही क्षयरोगाच्या कामाचीही पहिली पायरी झाली आहे. थुंकीची तपासणी मात्र त्यानंतर करावीच लागते. संगणकाने लाल खूण दाखवली म्हणजे निदान झालं, असं धरू नका.

जुनं ३०० एमएचं (मिलिअँपिअर, यंत्राच्या ताकदीचं माप) यंत्र धडधाकट असेल तर ते भंगारात काढू नका. त्याच यंत्राला फ्लॅट पॅनल डिटेक्टर, म्हणजे किरण टिपून चित्र थेट संगणकावर पाठवणारी पाटी, जोडता येतो. कॅसेट घेऊन रीडरकडे धावणं थांबतं, चित्र काही सेकंदांत पडद्यावर येतं आणि पोझिशन चुकली असेल तर पेशंट टेबलावर असतानाच कळतं. वायरलेस पॅनल घेणार असाल तर एक काळजी घ्या: हातातून पडून फुटलेला पॅनल देखभाल करारात बहुधा बसत नाही. त्याचा वेगळा विमा काढा आणि पॅनल ठेवायला भिंतीवर पक्की जागा करा.

खोली: विटा मोजून घ्या

इथे थोडं थांबतो, कारण सर्वांत जास्त दिवस इथेच वाया जातात. एका रुग्णालयात नवं यंत्र पेटीतच कित्येक महिने व्हरांड्यात पडून होतं. खोली ठरली होती, पण तिची एक भिंत साडेचार इंची निघाली आणि दारातून टेबल आत जाईना. पेशंट रोज त्या पेटीला वळसा घालून जात होते. त्या पेटीकडे बघताना मला वाईट वाटायचं.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या अपेक्षा सरळ आहेत. साध्या एक्स-रेसाठी खोली किमान १८ चौरस मीटर हवी. ४ बाय साडेचार मीटर धरली की काम भागतं. ज्या भिंतीवर मुख्य किरण पडतात, म्हणजे चेस्ट स्टँडमागची (छातीच्या एक्स-रेला पेशंट ज्याला टेकून उभा राहतो तो स्टँड) भिंत, ती ३५ सेंटीमीटर विटांची, आपल्या भाषेत चौदा इंची. बाकीच्या भिंती २३ सेंटीमीटर, म्हणजे नऊ इंची. दाराला आणि खिडकीला त्याच तोडीचं संरक्षण, म्हणजे १.७ मिलिमीटर शिसं. शिसं न लावलेली खिडकी किंवा झरोका बाहेरच्या जमिनीपासून २ मीटरच्या वर हवा. एका खोलीत एकच यंत्र.

बांधकाम विभागाच्या नकाशावर विश्वास ठेवण्याआधी भिंतीला एक बारीक भोक पाडून जाडी स्वतः मोजा. पोकळ ब्लॉकची भिंत विटांच्या भिंतीएवढी चालत नाही. चेस्ट स्टँड कधीही वेटिंगच्या बाजूच्या भिंतीवर लावू नका. शक्यतो बाहेरच्या, जिथे माणूस थांबत नाही अशा भिंतीवर लावा. ट्रकपासून खोलीपर्यंतचा रस्ता टेपने मोजा: दारं, वळणं, उतार, पायऱ्या. आणि कपडे बदलायला आतून कडी लागणारा कोपरा ठेवा. त्याशिवाय बायका छातीच्या एक्स-रेला तयार होत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे.

इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात पावसाळ्यात भिंतींना ओल धरते. पॅनल, संगणक, सोनोग्राफीचे प्रोब (अंगावर फिरवायचा भाग) या सगळ्यांना ती मारक. एसीसोबत ओलावा शोषणारं यंत्र घ्या, आणि छत गळतं का हे जुलैत बघा, मार्चमध्ये नाही.

वीज: फीडरपासून सुरुवात करा

हिशोब सोपा आहे. ५०० एमए आणि १०० केव्हीचं (किलोव्होल्ट) एक्सपोजर म्हणजे त्या क्षणाला ५० किलोवॅट. वेळ सेकंदाच्या काही भागाएवढाच असतो, पण तेवढ्यात लाइनने मान टाकली तर फिल्म फिकी येते किंवा यंत्र एरर देऊन थांबतं. महावितरणकडे जाऊन आधी तीन प्रश्न विचारा: रुग्णालय गावठाण फीडरवर (गावाला वीज देणारी लाइन) आहे की शेतीच्या? ट्रान्सफॉर्मर कितीचा, आणि त्यावर अजून कोण आहे? मंजूर भार किती? शेतीपंपांसोबत असाल तर वेगळा ट्रान्सफॉर्मर मागा आणि अर्ज यंत्राच्या ऑर्डरआधी टाका. मंजुरीला लागणारा वेळ यंत्र यायला लागणाऱ्या वेळापेक्षा जास्त असू शकतो.

आठवडाभर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी सात वाजता तिन्ही फेजचं व्होल्टेज लिहून ठेवा. हा कागद पुरवठादाराच्या इंजिनियरला दिलात की तो स्टॅबिलायझर नेमका सांगतो. अर्थिंगचं बघायचं तर बहुतेक कंपन्या १ ओहमपेक्षा कमी मागतात, आणि आपल्याकडे खाली काळा पाषाण. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की आकडा चढतो. म्हणून अर्थिंग मे महिन्यात मोजून घ्या आणि यंत्राला वेगळी अर्थ द्या.

जनरेटरवर मोठं यंत्र चालवायचं असेल तर त्याची क्षमता पुरवठादाराकडून लेखी घ्या. जिथे वीज खरोखरच बेभरवशाची आहे, तिथे साध्या २३० व्होल्टच्या प्लगवर चालणारं, आत बॅटरी किंवा कपॅसिटर असलेलं यंत्र मी आधी सुचवेन. ताकद थोडी कमी, पण रोज चालतं.

एईआरबीची कागदपत्रं

हे वाटतं तेवढं अवघड नाही. ई-लोरा या संकेतस्थळावर संस्थेची नोंदणी करायची, मंजुरी असलेलंच मॉडेल घ्यायचं, बसवल्यावर गुणवत्ता चाचणी करून घ्यायची आणि परवाना हातात आल्यावरच पेशंट घ्यायचा. "ट्रायल म्हणून दोन-चार काढून बघू" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. रेडिएशन सेफ्टी ऑफिसर नेमावा लागतो. पात्र तंत्रज्ञालाही मंडळाच्या मान्यतेने ही जबाबदारी घेता येते. गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांनी, आणि मोठी दुरुस्ती झाली तर लगेच.

टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेले किरण मोजणारा बिल्ला, प्रत्येक कर्मचाऱ्याचा वेगळा, आणि दर तिमाहीला बदलायचा. कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या किरणांचं माप), कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १. बॅज लेड ॲप्रनच्या आत, छातीवर लावायचा. तो खुंटीवर टांगून ठेवलेला बघितला की मला राग येतो, कारण पुढे कुणाला त्रास झाला तर तो कागद काहीच सांगू शकणार नाही.

दारावर "गरोदर असल्यास आधी सांगा" हा फलक लागतोच, पण वाचता न येणाऱ्यांचं काय? म्हणून तंत्रज्ञाने तोंडाने विचारायचं: "ताई, पाळी कधी आली होती? दिवस गेलेत का?" सासू किंवा नवरा शेजारी उभा असताना हे विचारू नका. त्यांना बाहेर बसवा, मग विचारा.

सोनोग्राफी: यंत्राआधी डॉक्टर, डॉक्टरआधी नोंदणी

सोनोग्राफीला किरणोत्सर्ग नाही, पण कायदा सगळ्यांत कडक इथेच आहे आणि तो तसाच असायला हवा. १९९४ चा पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा २००३ च्या दुरुस्तीसह लागू आहे. नोंदणी नसलेल्या ठिकाणी यंत्र विकताही येत नाही. म्हणून आधी समुचित प्राधिकाऱ्याकडे फॉर्म ए (नोंदणीचा अर्ज), मग फॉर्म बीचं प्रमाणपत्र (मुदत ५ वर्षं), आणि त्यानंतर यंत्र. यंत्र, जागा किंवा माणूस बदलायचा असेल तर किमान ३० दिवस आधी कळवावं लागतं. नवा प्रोब, उसना पोर्टेबल, दुसऱ्या वॉर्डात हलवलेलं यंत्र, यातलं काहीही परस्पर करू नका.

खेड्यातल्या नियोजनाला सगळ्यांत अडवणारी अट वेगळी आहे. एका जिल्ह्यात एका डॉक्टरला जास्तीत जास्त दोनच सोनोग्राफी केंद्रांवर नोंदणी मिळते. म्हणजे नाशिकच्या एखाद्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी आठवड्यातून एक दिवस यायचं कबूल केलं, तरी त्यांच्या दोन जागा आधीच भरलेल्या असतील तर तुमचा बेत तिथेच संपतो. पहिल्याच भेटीत हे विचारा. दुसरा रस्ता आपल्याच एमबीबीएस डॉक्टरला सहा महिन्यांचं मान्यताप्राप्त सोनोग्राफी प्रशिक्षण द्यायचा. हा लांबचा वाटतो, पण बदली होऊन जाणाऱ्या पाहुण्यापेक्षा तालुक्यात घर असलेला डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

फॉर्म एफ, म्हणजे प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद, तपासणीच्या वेळीच भरा, त्याच टेबलावर, गरोदर बाईची आणि डॉक्टरांची घोषणा (लिंग विचारणार नाही, लिंग सांगितलेलं नाही) दोन्ही घेऊन. संध्याकाळी बसून एकत्र भरायची सवय लागली की एखादा रकाना सुटतोच. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की अपुरा फॉर्म ही कारकुनी चूक म्हणून सोडून देता येणार नाही. महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत जायला हवा, आणि नोंदी किमान २ वर्षं जपायच्या.

वेळापत्रक लावताना १८ ते २० आठवड्यांच्या तपासणीला वेगळे स्लॉट द्या. बाळातलं मोठं व्यंग याच वेळी दिसतं, आणि नंतर कळलं तर आईपुढचे मार्ग झपाट्याने कमी होतात. या एका तपासणीला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पोटदुखीच्या पेशंटांमध्ये ती कोंबू नका. आशाताईंना गरोदर बायकांची यादी आठवड्यांप्रमाणे बनवायला सांगा, म्हणजे कुणाला कधी बोलवायचं हे आपल्याला ठरवता येतं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी गर्दी ठरलेली, तेव्हा दुसरा नियमित वार तिला लागून ठेवू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात या तपासण्या मोफत आहेत, हे बाईला दारातच कळलं पाहिजे.

रिपोर्ट: सेवेचं खरं मोजमाप

रेडिओलॉजिस्ट गावात राहणार नाहीत हे गृहीत धरा आणि चित्रं त्यांच्यापर्यंत पोचवा. डिजिटल एक्स-रेची एक फाइल साधारण १० ते २० एमबी; साध्या सीटीचा अभ्यास २०० एमबीच्या आसपास. अपलोडचा वेग २ एमबीपीएस असेल तर एक्स-रेला मिनिट-सव्वा मिनिट आणि सीटीला तेरा-चौदा मिनिटं लागतात. वेग १० असेल तर सीटी तीन मिनिटांत जाते. लाइन देणारे डाउनलोडचा आकडा सांगतात. तुम्ही अपलोड मोजा, तोही पावसात. दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड पर्याय म्हणून ठेवा. मोबाइलने पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवणं बंद करा. बारीक भेग त्यात हरवते, आणि पेशंटचं नाव नको तिथे पोचतं.

रिपोर्ट देणाऱ्यांशी करारात वेळा लिहून घ्या. मी एसटीचं वेळापत्रक समोर ठेवून ठरवतो. शेवटची गाडी साडेपाचला असेल तर चार वाजेपर्यंत दिवसाचे सगळे रिपोर्ट परत हवेत, म्हणजे डॉक्टर बघतील, औषध मिळेल आणि माणूस स्टँडवर पोचेल. इमर्जन्सीला एक तास. काही गोष्टींना मात्र कागदाची वाट बघायची नाही, थेट फोन: फुप्फुसाभोवती हवा, पोटात मोकळी हवा, डोक्यात रक्तस्राव, नळीत राहिलेला गर्भ. फोन कुणी केला, कुणी घेतला, किती वाजता, हे रजिस्टरवर लिहायचं.

रिपोर्ट इंग्रजीत येतो, त्याला इलाज नाही. पण खाली डॉक्टरांनी दोन ओळी मराठीत लिहिल्या, "हाड मोडलेलं नाही, आठ दिवसांनी या," तर घरचे तो कागद जपून ठेवतात.

सीटी घ्यावी का?

मुंबई-आग्रा महामार्गावरची, घाटाखालची किंवा सिन्नर-येवल्यासारख्या रहदारीच्या रस्त्यावरची रुग्णालयं याचा विचार जरूर करू शकतात. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी करून रक्तस्राव नाही हे पाहावंच लागतं. आतल्या पाड्यावरून नाशिकला पोचेपर्यंत ती वेळ संपते. अशा वेळी तालुक्याच्या ठिकाणची सीटी माणसाचा हात-पाय वाचवू शकते.

पण मग चोवीस तास तंत्रज्ञ, रात्री रिपोर्ट देणारा डॉक्टर, इंजेक्शन द्यायला शिकलेला फिजिशियन, एसी आणि यूपीएस हे सगळं लागतं. फक्त दिवसा दहा ते पाच चालणारी सीटी या कामाची नाही. कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलं जाणारं, चित्र ठळक करणारं औषध) देणार असाल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधी, ॲलर्जीची चौकशी, आणि रिॲक्शन आली तर ॲड्रेनलिन हाताशी. किरणांच्या डोसचंही भान ठेवा: छातीचा एक एक्स-रे साधारण ०.१ मिलिसिव्हर्टच्या आत, डोक्याची सीटी २ च्या आसपास, पोटाची ८-१०. डोकं दुखतं म्हणून सरसकट सीटी लिहू नका, मुलांना तर नाहीच.

एमआरआयचा विचार मी तालुक्याच्या पातळीवर करणार नाही. त्यापेक्षा नाशिकच्या केंद्राशी ठरलेले वार आणि ठरलेलं वाहन हवं.

माणसं आणि करार

एका तंत्रज्ञावर चालणारा विभाग त्याच्या पहिल्या आजारपणात बंद पडतो. किमान दोघे असू द्या, आणि रात्रीच्या कॉलची पाळी लिहून लावा.

खरेदीच्या वेळी किमतीपेक्षा देखभाल करार जास्त वेळ वाचा. एएमसीत (वार्षिक देखभाल करार) इंजिनियर येतो, सुटे भाग तुमचे. सीएमसीत (सर्वसमावेशक देखभाल करार) भागही येतात. एक्स-रे ट्यूब, सीटीची ट्यूब, डिटेक्टर, प्रोब, यूपीएसच्या बॅटऱ्या, ही नावं एकेक करून करारात आहेत का बघा. "सर्व भाग" या शब्दांवर थांबू नका. वॉरंटी संपल्यानंतरच्या पाच वर्षांचे सीएमसीचे दर निविदेतच बांधून घ्या. इंजिनियर नाशिकहून येणार की मुंबईहून, आणि किती तासांत, हेही लिहून घ्या. पैसा जिल्हा नियोजन समिती, आदिवासी उपयोजना किंवा एखाद्या कारखान्याच्या सीएसआरमधून (समाजकामाचा निधी) उभा राहतो, पण हे बहुतेक यंत्रापुरतंच देतात. फिल्म, जेल, इंटरनेट, रिपोर्टिंगची फी आणि सीएमसी यांची वार्षिक तरतूद रुग्ण कल्याण समितीच्या ठरावात आधीच करून ठेवा.

उद्घाटनाआधीची रात्र

फीत कापण्याच्या आदल्या आठवड्यात एक सराव करा. रात्री अकरा वाजता १०८ आली आहे, डोक्याला मार लागलेला मुलगा आहे, असं धरून चला. कुलपाची किल्ली कुणाकडे? तंत्रज्ञ किती मिनिटांत पोचला? स्ट्रेचर दारातून वळला का? लाइट गेली तर जनरेटर कुणी सुरू केला? फाइल गेली का, पलीकडून फोन आला का? पेशंट घेऊ नका, फक्त माणसं आणि वेळ तपासा. जिथे अडखळलं तिथे दुरुस्ती करून पुन्हा करा.

आणि ती पहिली वही बंद करू नका. तिच्यात आता एक नवा रकाना आखा: रिपोर्ट किती वाजता हातात पडला. दर शनिवारी वैद्यकीय अधीक्षकांनी तो रकाना बघावा, आणि चारनंतरच्या प्रत्येक नोंदीपुढे उशीर कुठे झाला ते लिहावं.